आयरिश फिडल ज्येष्ठ वादकाकडे शिकताना: आधी गज, मग धून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात काही वर्षे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकून तुम्ही नोकरीनिमित्त आयर्लंडमधील लिमरिकला आला आहात. जवळच्या क्लेअर परगण्याच्या पूर्व भागातील एका ज्येष्ठ फिडलवादकांनी (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजणारे व्हायोलिनच) तुम्हाला आठवड्यातून एकदा आपल्या घरी शिकवायचे कबूल केले आहे. मात्र ते नोटेशन देत नाहीत, चुका सांगत नाहीत, एखादी धून तीन-चार वेळा वाजवून दाखवतात, मग चहा होतो आणि पुढची धून सुरू होते. अशा शिकवणीतून नेमके काय आणि कसे उचलायचे, नोटेशन मागावे का, आधीचा रियाज उपयोगी पडेल की आड येईल, सेशनमध्ये, म्हणजे पबमध्ये जमून होणाऱ्या अनौपचारिक सामूहिक वादनात, कधी बसावे आणि जुलैमधील पारंपरिक संगीताच्या उन्हाळी शाळेला जावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी हे वाद्य बरीच वर्षे वाजवते आणि शिकवते, आणि हिंदुस्थानी तालीम घेऊन आलेले विद्यार्थीही माझ्याकडे आले आहेत. त्या अनुभवातून उत्तर देते.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्याकडून धुना गोळा करण्यात तो तास घालवू नका. धुना आज कुठेही मिळतात. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकाच संग्रहात १८५० धुना आहेत, आणि डब्लिनमध्ये १९८७ पासून चालणाऱ्या पारंपरिक संगीताच्या अभिलेखागारात आयुष्यभर पुरेल इतके ध्वनिमुद्रण आहे. त्या घरात बसल्याखेरीज जे मिळत नाही ते म्हणजे त्यांचा उजवा, गज (बो) धरणारा हात. गज कुठे वळतो, कुठे दाबला जातो, कुठे जवळजवळ तारेवरून उचलला जातो आणि कोणत्या दोन स्वरांना एकत्र बांधतो, यातच क्लेअरचा वादक क्लेअरचा ठरतो. डाव्या हाताची बोटे तीच धून शेजारच्या परगण्यातही जवळपास तशीच टाकतात.

हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे बहुतेक शिक्षण गायकी अंगाने होते. गळ्याचा अखंड श्वास गजातून यावा, गज वळल्याचे कळू नये, एका गजात शक्य तितका विस्तार सामावावा, असा आपला आदर्श असतो. आयरिश फिडल नाचणाऱ्यांच्या पायांसाठी वाढले. इथे गज वळल्याचे कळलेच पाहिजे, कारण त्या वळणाने पावलाला आधार मिळतो. म्हणून पहिल्याच महिन्यात तुमच्या धुना स्वरांनी अचूक असूनही सपाट आणि जडावलेल्या वाटतील, आणि त्याचे कारण डाव्या हातात शोधण्याचा मोह होईल. तसे करू नका. व्हायोलिनवादक पं. व्ही. जी. जोग यांच्या वादनातील लयकारीचा भाग, म्हणजे तबल्याशी गजाने केलेले छोटे, टोकदार बोलणे, तुम्ही मन लावून ऐकले असेल, तर आपल्या परंपरेतील तो कप्पा तुम्हाला इथे आलापीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

नाचाची चौकट थोडी समजून घ्या. तिला फार वेळ लागत नाही. धुनांचे प्रकार नाचांवरून पडतात: रील चार मात्रांच्या बारची (बार म्हणजे मात्रांचा एक खंड) असते आणि तिच्यात आठ जलद स्वरांचा प्रवाह चालतो, जिग सहा-आठची, म्हणजे तिनाच्या दोन गटांची, स्लिप जिगमध्ये असे तीन गट, हॉर्नपाइप चारचीच पण झोके घेत चालणारी, पोल्का दोनची, आणि स्लाइड ही कॉर्क-केरी सीमेवरील जलद, लांब पल्ल्याची बारा-आठ. बहुतेक धुनांना आठ-आठ बारचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि बत्तीस बारला एक फेरी पूर्ण होते. सेशनमध्ये रील मिनिटाला साधारण १०० ते ११५ ठोक्यांच्या वेगाने, बारला दोन ठोके धरून, वाजते. याचा अर्थ एक संपूर्ण फेरी सुमारे पस्तीस सेकंदांत संपते. दोन किंवा तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी धून धरली जाते. ख्यालात अर्धा तास एका बंदिशीभोवती फिरणाऱ्या कानाला हे फारच घाईचे वाटते. पण जो काही विचार मांडायचा तो या पस्तीस सेकंदांतच मांडायचा असल्यामुळे इथले बदल बारीक असतात आणि ते ऐकू येण्यासाठी कान वेगळा लावावा लागतो.

आता मूळ मुद्दा, गजाचा. रीलमध्ये चार-चार स्वरांचे गट पडतात. नवशिक्या माणसाला त्यांतील दोन-दोन स्वर एका गजात, तेही ठोक्यापासून सुरू करून, बांधावेसे वाटते. त्यामुळे प्रत्येक ठोका सारखाच जड पडतो आणि धून कवायतीसारखी चालते. वायव्येकडील स्लायगो परगण्याचे आणि क्लेअरचे वादक पुष्कळदा उलट करतात: एका गटातील शेवटचा स्वर पुढच्या गटातील पहिल्या स्वराशी एका गजात बांधतात, म्हणजे गज ठोक्यावर वळत नाही, ठोक्याच्या आधीच वळलेला असतो आणि ठोका त्या गजाच्या पोटात, किंचित दाब किंवा वेग वाढवून, व्यक्त होतो. मधूनच एखादा स्वर एकट्या गजाचा येतो आणि वजन नेमके तिथे पडते. ही बांधणी आणि एकट्या स्वरांची पेरणी सतत बदलत राहते, तरी खालचा ठेका हलत नाही. जिगमध्ये तीन स्वरांचा गट असल्याने प्रत्येक स्वराला वेगळा गज दिला, तर एक ठोका खाली जाणाऱ्या आणि पुढचा वर जाणाऱ्या गजावर येतो; दोन्ही दिशांना सारखे वजन देता येणे हा स्वतंत्र रियाज आहे. काही वादक इथेही गटाचा तिसरा स्वर पुढच्या पहिल्याशी जोडतात. शिवाय ते तीन स्वर कागदावर सारखे असले तरी वाजवताना सारखे नसतात: पहिला थोडा रेंगाळतो, दुसरा आखूड होतो आणि तिसरा पुढच्या ठोक्याकडे ढकलतो. किती रेंगाळायचे हे प्रत्येक भागात, प्रत्येक माणसात वेगळे असते आणि ते कोणत्याही नोटेशनमध्ये नसते.

हे त्यांच्याकडून उचलायचे कसे? त्यांच्या समोर बसू नका. त्यांच्या उजव्या बाजूला, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) आणि मनगट दोन्ही दिसतील असे बसा. परवानगी घेऊन फोनवर चित्रीकरण करा आणि चौकटीत चेहऱ्याऐवजी घोडीपासून गजाच्या मुठीपर्यंतचा भाग ठेवा. त्यांना संथ वाजवायला सांगण्याचा मोह आवरा. अनेक ज्येष्ठ वादकांना आपली धून संथ वाजवता येत नाही, किंवा येते तेव्हा गजाची बांधणीच बदलते, कारण ती बांधणी त्या वेगातच घडलेली असते. तुम्ही मोठ्या निष्ठेने भलतेच काहीतरी शिकून घरी जाल. त्यांना नेहमीच्या चालीने वाजवू द्या आणि चित्रीकरण घरी संथ करा. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवून फक्त गज कुठे दिशा बदलतो तेवढ्या खुणा कागदावर करा. नंतर डावा हात अजिबात न लावता, एकाच मोकळ्या तारेवर, ती खुणांची मालिका मूळ लयीत वाजवा. मोकळ्या तारेवरही ती धून ओळखू येऊ लागली, की बोटे लावायला हरकत नाही.

तीन फेऱ्यांच्या खुणा शेजारी ठेवल्यावर तुमच्या लक्षात येईल की गज प्रत्येक फेरीत एकसारखा नाही. विद्यार्थी इथे गोंधळतात आणि खरी बांधणी कोणती असे विचारतात. तिन्ही खऱ्या आहेत. वादकाने गज पाठ केलेला नसतो. त्याने वजन कुठे पडावे हे पाठ केलेले असते, आणि तिथे वेळेत पोहोचण्याच्या चार-पाच वाटा त्याच्या हातात असतात. म्हणून तुलना करताना काय बदलले यापेक्षा काय बदलले नाही ते शोधा: वाक्य कुठे संपते, श्वास कुठे घेतला जातो, कोणत्या स्वरावर तिन्ही वेळा गज एकटा आहे. पाच-सहा धुनांचा असा अभ्यास झाला की तुमच्या गुरूंचा गज तुम्हाला न वाजवलेल्या धुनेतही आपोआप सुचू लागेल. माझ्या मते पहिल्या वर्षात इतकेच साधले तरी ते पन्नास धुना येण्यापेक्षा मोलाचे आहे.

धून कानाने बसवणे हा भाग तुम्हाला फार जड जाणार नाही, कारण तोंडी तालमीची सवय तुम्हाला आहे. तरी एक सावधगिरी हवी. हिंदुस्थानी विद्यार्थी ऐकलेली धून लगेच सरगमात उतरवतो. स्मरणासाठी ती युक्ती उत्तम आहे, पण सरगम म्हणताना सगळे स्वर सारख्याच लांबीचे होतात आणि जे वाकलेपण टिपायचे ते नेमके निसटते. आयर्लंडमध्ये वाद्य नसेल तेव्हा तोंडाने निरर्थक अक्षरांत धून म्हणण्याची, लिल्टिंगची, जुनी रीत आहे, आणि तिच्यावर लोक नाचतही असत. आपल्या तबल्याच्या बोलांसारखे तिचे ठराविक शास्त्र नाही. प्रत्येकाची अक्षरे वेगळी. गुरूंना धून तोंडाने म्हणायला सांगा. त्यात झोक कुठे आहे ते लगेच कळते. तुम्हाला ती तशी म्हणता येईपर्यंत फिडल पेटीतच राहू द्या.

रचनेकडेही लक्ष द्या. बहुतेक धुनांत पहिले दोन बार पाचव्या-सहाव्या बारला परत येतात आणि दोन्ही भागांचा शेवट सारखाच असतो, त्यामुळे बत्तीस बारच्या फेरीत खरोखर नवे असे दहा-बारा बारच सापडतात. हे लक्षात आले की धून बसवायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. सुरुवात जिगने करा, कारण तिच्यात हात मोकळा होण्यास अवकाश असतो. रीलकडे दोन-तीन महिन्यांनी या. तुमच्या गुरूंनी आधी रीलच दाखवली असेल तर मात्र त्यांचे ऐका, माझे नाही.

डाव्या हाताबद्दल आता थोडे. तारा जी, डी, ए, ई अशाच आणि ए ४४० हर्ट्झवर लागल्या पाहिजेत. सा-प-सा-प असे खालच्या पट्टीत मिळवलेले वाद्य इथे चालणार नाही, कारण सोबतची बासरी, कॉन्सर्टिना आणि अकॉर्डियन यांच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. मांडी घालून वाद्य पायाकडे टेकवण्याची बैठक सोडून खुर्चीवर बसावे लागेल. वाद्य हनुवटीखाली धरा किंवा जुन्या वादकांप्रमाणे छातीवर जरा खाली, दोन्ही चालते. गुरूंचे मनगट फिडलच्या मानेला टेकलेले असेल तर त्याची नक्कल करण्याची गरज नाही. ती त्यांची सवय आहे, शैली नाही. जवळजवळ सगळे संगीत पहिल्याच स्थानात, म्हणजे डावा हात मानेच्या टोकाशी ठेवूनच, वाजते. बोटांना तेल लावण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण इथे घसरण्याचे काम कमी आणि उचलून आपटण्याचे काम जास्त आहे.

घसरण्याचाच मोह मोठा असतो. आपल्या हाताला दोन स्वरांमध्ये मींड आपोआप सुचते आणि नाचाच्या धुनेत ती आली की लय चिकटते. इथे एखाद्या स्वराकडे खालून छोटीशी घसर घेतात, पण ती क्वचित आणि मुद्दाम. अलंकारांबाबतही असेच आहे. कट म्हणजे वरच्या बोटाचा क्षणिक स्पर्श. त्याचा स्वर ऐकू येऊ नये, फक्त मूळ स्वर दुभंगल्याचे कळावे. रोलमध्ये मूळ स्वर, वरून कट, पुन्हा मूळ स्वर, खालून टप्पा आणि पुन्हा मूळ स्वर असे पाच घटक एका लांब स्वराच्या जागेत बसतात. हिंदुस्थानी विद्यार्थी याला मुरकी समजून पाचही स्वर स्वच्छ गातात, आणि तो रोल गोड पण चुकीचा वाटतो, कारण रोल हा मुळात लयीचा अलंकार आहे; त्यातून तबकडीवर खडा पडल्यासारखा ठोका मिळाला पाहिजे. पहिल्या बोटावरच्या रोलसाठी कट तिसऱ्या बोटाने घ्या आणि खालचा टप्पा मोकळ्या तारेवर आपोआप येईल. मोकळ्या तारेवर असा रोल जमत नाही; तिथे गजाने तीन बारीक झटके, म्हणजे ट्रेबल, वापरतात, आणि तो अंगठ्या-बोटांच्या अगदी छोट्या हालचालीतून, गजाची इंचभरच लांबी वापरून, यायला हवा. सुरुवातीचे काही महिने अलंकार अजिबात लावले नाहीत तर उत्तम. साध्या धुनेला गजाने उचल येत नसेल, तर रोलनेही ती येत नाही.

सुरांच्या बाबतीत मात्र तुमची तालीम तुम्हाला पुढे ठेवेल. या धुना डी, जी, ए आणि ई या षड्जांवर प्रामुख्याने चालतात, आणि त्यांच्या स्वरपंक्ती तुमच्या कानाला परक्या नाहीत: सरळ मेजर म्हणजे बिलावल थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी. ई डोरियनमधील एखादी रील ऐकताना काफीची आठवण झाली तर ती योग्यच आहे. फक्त इथे राग नाही, आरोह-अवरोहाचे नियम नाहीत, आणि पुष्कळ धुना दोन षड्जांमध्ये बेधडक डोलतात. सी या स्वराकडे विशेष कान द्या. जुने वादक तो कधी कोमल, कधी तीव्र आणि कधी दोहोंच्या मधला घेतात, एकाच धुनेत वर जाताना एक आणि खाली येताना दुसरा. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला विद्यार्थी त्याला बेसूर समजून दुरुस्त करतो. श्रुतींची जाण असलेल्या तुम्हाला ते ऐकताच कळेल आणि कदाचित सहज वाजवताही येईल.

नोटेशन मागावे का, याचे उत्तर असे की मागू नका, पण नोटेशनला शत्रूही मानू नका. कानाने शिकणे हीच एकमेव शुद्ध रीत आहे हा समज आजच्या उत्साही मंडळींचा आहे, जुन्या गुरूंचा नाही. कॉर्क-केरी सीमेवरील स्लीव्ह लूखरा भागातील विख्यात फिडलवादक पॉड्रिग ओ'कीफ (१८८७–१९६३) हे शाळामास्तर होते. ती नोकरी सुटल्यावर ते डोंगराळ वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन फिडल शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतःची लिपी योजली होती: चार तारांसाठी चार जागा आणि त्यांत बोटांचे आकडे. कागद विद्यार्थ्याकडे ठेवून ते पुढच्या घरी जात. डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण ज्युलिया क्लिफर्ड हे त्यांचेच शिष्य. कागदावर धुनेचा सांगाडा राहत असे, तिचा झोक मात्र गुरूंच्या गजातूनच मिळत असे. तुम्हीही तसेच करा: धून कानाने बसल्यानंतर, विसरू नये म्हणून, हव्या त्या लिपीत सांगाडा लिहा, भातखंडे पद्धतीतही चालेल. छापील पाठ आणि गुरूंचा पाठ वेगळा निघाला, तर गुरूंचा वाजवा आणि त्यांना तो कोणाकडून मिळाला ते विचारा. हा प्रश्न त्यांना आवडेल. इथे धुनेच्या नावापेक्षा ती कोणाकडून आली याला अधिक मान आहे, आणि त्या उत्तरातून पुढे कोणाला ऐकायचे त्याची यादीही मिळते.

त्यांच्याशी वागण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण आपल्या माणसांचा घोळ नेमका तिथेच होतो. त्यांना त्यांच्या पहिल्या नावानेच हाक मारा. सर किंवा गुरुजी म्हटले, वाकून नमस्कार केला, तर ते संकोचतील आणि शिकवणे अवघड होईल. चूक सांगणे इथे असभ्य मानले जाते; ते काही न बोलता तो भाग पुन्हा वाजवतील, आणि तीच दुरुस्ती असते. ‘पुन्हा वाजवाल का’ हे वाक्य ‘मी बरोबर वाजवले का’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक मिळवून देते. चहा नाकारू नका. चहाच्या वेळच्या गप्पांत जुने नाच, स्वयंपाकघरांत जमणारे वादक, १९३५ च्या नृत्यगृहविषयक कायद्यानंतर घरगुती नाचांवर आलेली गदा, असे विषय निघतात आणि धुना कुठून आल्या ते कळते. मानधनाचा विषय पहिल्याच भेटीत सरळ विचारून मोकळे व्हा. ते नको म्हणाले तर दर वेळी हातात काहीतरी घेऊन जा. त्यांचे चित्रीकरण त्यांना विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नका.

शैलींची सरमिसळ निदान दोन वर्षे टाळा. उत्तरेकडील डोनेगॉल परगण्याचा वादक स्कॉटलंडच्या सान्निध्यामुळे जवळजवळ प्रत्येक स्वराला वेगळा, टोकदार गज देतो. जॉन डोहर्टी ऐका म्हणजे कळेल. स्लायगोचा मायकल कोलमन (१८९१–१९४५) ऐका तर बांधलेल्या गजाची चमक आणि बदलांची श्रीमंती ऐकू येते. १९१४ मध्ये अमेरिकेला गेलेल्या कोलमन यांच्या आणि त्यांचे समकालीन जेम्स मॉरिसन यांच्या न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या तबकड्या बोटीने परत आयर्लंडला आल्या आणि अनेक गावांतील स्थानिक वळणे त्यांच्यापुढे फिकी पडली. कोलमन यांनी एका तबकडीवर एकत्र वाजवलेल्या टार्बोल्टन, द लाँगफर्ड कलेक्टर आणि द सेलर्स बॉनेट या तीन रील आजही सेशनमध्ये त्याच क्रमाने येतात. पूर्व क्लेअरचे वळण या दोहोंपेक्षा सावकाश, लांब गजाचे आणि किंचित उदास आहे. पॅडी कॅनी आणि पी. जो हेज यांची जुनी मुद्रणे, १९४६ मध्ये सुरू झालेल्या टला केली बँडचे (केली म्हणजे सामूहिक नाचाचा कार्यक्रम) वादन आणि पुढे मार्टिन हेज यांनी त्याच वळणाला दिलेले संथ, अंतर्मुख रूप हे तुमचे पहिले श्रवण असू द्या, कारण तुमच्या गुरूंचे कान त्याच हवेत तयार झालेले असणार. बाकीचे सर्व ऐका, पण हातात येऊ देऊ नका.

हिंदुस्थानी विद्यार्थी हमखास मागतात ती गोष्ट म्हणजे स्लो एअर, ठेक्याशिवाय चालणारी संथ गाण्याची चाल. ती आलापीसारखी भासते आणि तिथे आपली मींड खपेल असे वाटते. मी पहिल्या वर्षी ती शिकवत नाही. या चाली बहुधा आयरिश भाषेतील गाण्यांच्या असतात, आणि ओळ कुठे तुटते, कोणते अक्षर लांबते हे शब्द ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. शब्दांवाचून वाजवलेली एअर सुरेल पण अर्थहीन होते. ती शिकायचीच असेल तर आधी ते गाणे एखाद्या पारंपरिक गायकाकडून पाठ करा.

सेशनमध्ये बसायचे असेल तर आधी बाहेरच्या वर्तुळात, वाद्य न काढता, ऐकत जा. गुरू ज्या सेशनला जातात त्याच सेशनला जा, दुसऱ्या नाही. तिथे वारंवार येणाऱ्या धुना टिपा. त्यांपैकी वीस-पंचवीस त्या सेशनच्या वेगाने, न अडखळता वाजू लागल्या की वाद्य बाहेर काढा. येत नसलेल्या धुनेत स्वर चाचपडत राहणे हा इथला सर्वांत मोठा अशिष्टपणा आहे. न येणारी धून आली की फिडल मांडीवर ठेवून ऐकावे, त्यात कमीपणा नाही. ‘तुम्ही सुरू करा’ असे कोणी म्हणाले तर सर्वांना येणारी जिग तुम्हाला झेपेल त्या वेगाने धरा, कारण वेग पुढे वाढतोच. आवर्तन मोजून समेवर येण्याची आपली सवय इथे कामी येते: धून कधी बदलणार हे वादकाच्या नजरेवरून किंवा एखाद्या हुंकारावरून शेवटच्या दोन बारमध्ये कळते, आणि ते टिपायला मोजणारा कान लागतो.

उन्हाळी शाळेला अवश्य जा, पण या वर्षी घाई करू नका. पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांच्याच मिलटाउन मालबे या गावी सुरू झालेली ही शाळा दर जुलैला आठवडाभर भरते. सकाळी वाद्यांचे वर्ग, दुपारी व्याख्याने आणि वादन, आणि रात्री उशिरापर्यंत गावातल्या प्रत्येक पबमध्ये सेशन असा तिचा क्रम असतो. सात-आठ महिन्यांची तालीम आणि हातात पंधरा-वीस पक्क्या धुना असल्याशिवाय गेलात, तर रोज नव्या धुनांच्या ओझ्याखाली गुरूंचा नुकताच बसू लागलेला गज मोडेल. जाताना गुरूंना सांगा आणि वर्ग कोणाचा घ्यावा हे त्यांनाच विचारा. पश्चिम क्लेअरचे वळण त्यांच्यापेक्षा वेगळे आहे आणि त्यावर त्यांचे स्पष्ट मत असेल. लिमरिकहून गाडीने रोज जाऊन येणे शक्य असले, तरी शाळेचा अर्धा भाग रात्रीच घडतो, तेव्हा मुक्काम तिथेच करा. गाव लहान आहे आणि त्या आठवड्यातील खोल्या फार आधी भरतात, म्हणून पुढच्या वर्षी जायचे ठरल्यास राहण्याची सोय हिवाळ्यातच पक्की करा.